कागदावर थांबलेला वेग : ऐतिहासिक शर्यतींसाठी टूरिंग कारची निवड

टूरिंग कार म्हणजे चार माणसे बसू शकतील अशी, सामान्य ग्राहकाला शोरूममधून विकली जाणारी बंद टपाची मोटार, जी त्या-त्या काळच्या नियमांनी आखून दिलेल्या मर्यादेत सुधारून शर्यतीत उतरवली जात असे. अशा गाड्यांच्या शर्यती युरोपात दुसऱ्या महायुद्धानंतर विशेष लोकप्रिय झाल्या, कारण प्रेक्षकाला स्वतःच्या दारात उभी असणारीच गाडी सर्किटवर झुंजताना दिसत होती. ऐतिहासिक शर्यतींमध्ये त्याच गाड्या, त्या काळी होत्या तशाच यांत्रिक रूपात, आजच्या चालकांच्या हाती पुन्हा धावतात. इंग्लंडमधील गुडवुड सर्किटवर १९४८ ते १९६६ या काळात शर्यती होत असत आणि १९९८ पासून तेथे दरवर्षी भरणाऱ्या ‘रिव्हायवल’ सोहळ्यातील सलून गाड्यांची ‘सेंट मेरीज ट्रॉफी’ ही या प्रकारातील सर्वांत गाजलेली शर्यत मानली जाते. बेल्जियममधील स्पा, जर्मनीतील न्यूरबुर्गरिंग आणि फ्रान्समधील ला मां येथेही जुन्या गाड्यांचे मोठे मेळावे भरतात. ही जुन्या गाड्यांची शोभायात्रा नव्हे; येथे वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजली जाते आणि जिंकण्यासाठी येणारे लोक गाडीची निवड फार विचारपूर्वक करतात.

या निवडीचे गणित नव्या गाड्यांच्या शर्यतीपेक्षा मुळातच वेगळे आहे. नव्या गाडीत कमतरता आढळली तर अभियंता तो भाग बदलतो, नवा घडवतो, पुढच्या शर्यतीला सुधारित गाडी आणतो. ऐतिहासिक गाडीला ही मुभा नसते, कारण तिची प्रगती एका ठरावीक तारखेला कायदेशीरपणे थांबवलेली असते. त्यामुळे गाडी किती वेगवान आहे या प्रश्नाच्या आधी तिच्या कागदांत काय लिहिले आहे हा प्रश्न येतो, आणि त्याच्याही आधी ती कोणत्या शर्यतीच्या ग्रिडवर उभी राहणार आहे हा. पुष्कळ जण हा क्रम उलटा करतात; मनात भरलेली गाडी आधी घेतात आणि मग तिला सामावून घेणारी शर्यत शोधत बसतात. उत्तम स्थितीतील, देखणी आणि महागडी गाडी दर वेळी आपल्या वर्गात सातवी-आठवी येते, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

आंतरराष्ट्रीय मोटर महासंघ, म्हणजे एफआयए, ही संस्था आपल्या क्रीडासंहितेच्या ‘अपेंडिक्स के’ या परिशिष्टाद्वारे ऐतिहासिक गाड्यांचे नियमन करते. या परिशिष्टात काळाचे इंग्रजी अक्षरांनी ओळखले जाणारे कालखंड पाडलेले असून टूरिंग गाड्यांच्या दृष्टीने १९६२ ते १९६५ हा ‘एफ’, १९६६ ते १९६९ हा ‘जी-१’, १९७० व १९७१ मिळून ‘जी-२’ आणि १९७२ ते १९७५ हा ‘एच-१’ हे कालखंड विशेष महत्त्वाचे ठरतात. १९६५ च्या अखेरीस मारलेली रेघ ही केवळ सोयीची नाही. १९६६ पासून शर्यतीच्या गाड्यांचे गट नव्याने ठरवणारे ‘अपेंडिक्स जे’ लागू झाले, त्यात ‘ग्रुप ५’ नावाचा बराच मोकळा गट आला आणि ब्रिटिश सलून अजिंक्यपद स्पर्धेने तो लगेच स्वीकारला. म्हणजे एकाच नावाची गाडी १९६५ मध्ये आणि १९६८ मध्ये यांत्रिकदृष्ट्या दोन वेगळ्या गाड्या असू शकतात. मिनी कूपर एसला साठच्या दशकाच्या उत्तरार्धात बसवले गेलेले आठ पोर्टांचे सिलिंडर हेड १९६६ पूर्वीच्या गाड्यांच्या शर्यतीत चालत नाही. अल्फा रोमिओची १६०० घन सेंटिमीटरची जीटीए १९६५ ची म्हणून त्या ग्रिडवर येते, पण तिची १३०० ची धाकटी बहीण १९६८ ची म्हणून येऊ शकत नाही. १९६७ पासून आलेली दुसऱ्या पिढीची लोटस कॉर्टिना त्याच कारणाने बाहेर राहते.

गाडीचा कालखंड ठरला की होमोलोगेशनचा कागद समोर येतो. शर्यतीत भाग घेण्यासाठी कारखान्याने आपले मॉडेल महासंघाकडे नोंदवून घेण्याच्या प्रक्रियेला होमोलोगेशन म्हणतात. त्यासाठी ठरावीक संख्येने गाड्या तयार केल्याचे सांगावे लागे. १९६६ च्या नियमांत ही संख्या ‘ग्रुप १’ साठी ५००० आणि ‘ग्रुप २’ साठी १००० होती. नोंदणीच्या फॉर्मवर गाडीचे किमान वजन, व्हॉल्व्हचा व्यास, कार्ब्युरेटर, गिअरची गुणोत्तरे, ब्रेकची मापे, चाकांचे आकार अशा बाबी छायाचित्रांसह येत, आणि पुढे कारखान्याने केलेल्या सुधारणा पुरवण्या म्हणून जोडल्या जात. चतुर कारखाने या पुरवण्यांत हलके पत्रे, मोठे ब्रेक, निकट गुणोत्तरांचे गिअर असे शर्यतीच्या उपयोगाचे भाग वेळीच नोंदवून ठेवत. ज्यांनी ते केले नाही त्यांच्या गाड्या आजही त्या दुर्लक्षाची शिक्षा भोगत आहेत. साठ वर्षांपूर्वी एखाद्या कारखान्यातील कारकुनाने फॉर्मवर काय लिहिले त्यावर आजची जय-पराजयाची शक्यता ठरते, ही या क्रीडाप्रकारातील सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणावी लागेल. म्हणून खरेदीपूर्वी त्या मॉडेलचा होमोलोगेशन फॉर्म सर्व पुरवण्यांसह मिळवून ओळ न् ओळ वाचणे हे गाडीखाली शिरून पाहण्याइतकेच आवश्यक असते.

कागद वाचताना स्पर्धेच्या वर्गांकडेही लक्ष द्यावे लागते. इंजिनाच्या आकारमानानुसार वर्ग पाडून प्रत्येक वर्गात स्वतंत्र बक्षीस देण्याची पद्धत टूरिंग शर्यतींत सुरुवातीपासून आहे आणि ब्रिटिश अजिंक्यपदाचे गुण वर्गातील क्रमांकावरून दिले जात असल्यामुळे तेथे लहान गाड्यांनी वारंवार बाजी मारली. १९६१ मध्ये जॉन व्हिटमोर यांनी साध्या मिनीवर, १९६२ मध्ये जॉन लव्ह यांनी मिनी कूपरवर, १९६९ मध्ये अ‍ॅलेक पूल यांनी ९७० घन सेंटिमीटरच्या कूपर एसवर आणि १९७० ते १९७२ अशी सलग तीन वर्षे बिल मॅकगव्हर्न यांनी सनबीम इम्पवर हे अजिंक्यपद पटकावले. यांपैकी एकाही गाडीला मोठ्या व्ही-८ गाड्यांना सरळ रस्त्यावर गाठणे शक्य नव्हते. आजच्या ऐतिहासिक मालिकांतही वर्गवार निकाल लागतात, म्हणून ‘स्पर्धात्मक गाडी’ या शब्दप्रयोगाचा अर्थ सर्वांत पुढे धावणारी गाडी असा न घेता आपल्या वर्गात पहिल्या तिघांत येऊ शकणारी गाडी असा घेणे शहाणपणाचे आहे. वर्गाच्या वरच्या मर्यादेला भिडणारे इंजिन असलेली गाडी घ्यावी, हा त्यातील पहिला आडाखा. १३०० च्या वर्गात १२७५ ची गाडी योग्य ठरते, ११०० ची नाही.

दोन लिटरखालील, १९६६ पूर्वीच्या गाड्यांचा विचार करताना फोर्ड लोटस कॉर्टिनापाशी थोडे रेंगाळणे आवश्यक आहे, कारण या गाडीत निवडीचे जवळजवळ सगळे प्रश्न एकत्र आलेले दिसतात. जानेवारी १९६३ मध्ये जाहीर झालेल्या या गाडीत फोर्डच्या साध्या, मजबूत ब्लॉकवर हॅरी मंडी यांनी आखलेले दोन कॅमशाफ्टचे अ‍ॅल्युमिनिअम हेड बसवून तयार केलेले १५५८ घन सेंटिमीटरचे इंजिन होते. रस्त्यावरच्या गाडीत ते १०५ अश्वशक्ती देत असे आणि शर्यतीसाठी तयार केल्यावर त्या काळी साधारण १५० पर्यंत जात असे. सुरुवातीच्या गाड्यांचे दरवाजे, बोनेट आणि डिकीचे झाकण अ‍ॅल्युमिनिअमचे होते. १९६४ मध्ये जिम क्लार्क यांनी या गाडीवर ब्रिटिश अजिंक्यपद आणि १९६५ मध्ये जॉन व्हिटमोर यांनी युरोपीय अजिंक्यपद जिंकले. वळणावर आतले पुढचे चाक हवेत उचललेली पांढरी-हिरवी कॉर्टिना हे त्या दशकातील शर्यतींचे सर्वांत परिचित छायाचित्र आहे.

या गाडीचा मागचा भाग मात्र बारकाईने समजून घ्यावा लागतो. लोटसने साध्या कॉर्टिनाचे पाटे काढून तेथे कॉइल स्प्रिंगा दिल्या आणि मागचा अ‍ॅक्सल जागेवर धरण्यासाठी इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराची एक चौकट डिफरन्शिअलच्या खालच्या बाजूला जोडली. कल्पना सुंदर होती, पण वेग घेताना आणि ब्रेक लावताना येणारा सगळा जोर त्या एकाच जोडावर येऊन डिफरन्शिअलचे अ‍ॅल्युमिनिअमचे आवरण पिळवटू लागले, त्याचे बोल्ट सैल होऊन तेल गळू लागले, आणि ते तेल नेमके खालच्या चौकटीच्या रबरी बुशवर पडून बुश मऊ पडू लागले. बुश गेला की अ‍ॅक्सल हलू लागतो, अ‍ॅक्सल हलला की आवरणावरचा ताण वाढतो आणि गळती आणखी वाढते. अखेर जून १९६५ मध्ये कारखान्याने ही रचना सोडून पुन्हा पाटे आणले. म्हणजे एकाच कालखंडात बसणाऱ्या कॉर्टिनांमध्ये दोन प्रकारची मागची रचना आढळते आणि खरेदीदाराने कोणती स्वीकारायची हे आधी ठरवावे लागते. चौकटीची गाडी जुळलेली असली तर मागच्या चाकांची पकड फार छान देते. पाट्यांची गाडी अधिक टिकाऊ आणि शर्यतीच्या दिवशी कमी काळजीची असते. तासाभराच्या, मध्ये थांबा असणाऱ्या शर्यती नियमितपणे करायच्या असतील आणि सोबत पूर्णवेळ मेकॅनिक नसेल, तर पाट्यांची गाडी घेणे अधिक योग्य, असे म्हणायला पुरेसा आधार आहे. मात्र गाडीचे कागद ज्या रचनेचे आहेत तीच रचना गाडीखाली असली पाहिजे. सुरुवातीच्या गाडीच्या कागदांवर नंतरची मागची बाजू लावून चालत नाही.

त्याच इंजिनात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, जिचा उल्लेख विक्रीच्या जाहिरातीत क्वचितच येतो. पाण्याचा पंप टायमिंग चेनच्या पुढच्या आवरणातच घडवलेला असल्यामुळे तो बदलायचा झाला तर हेड आणि ऑइल सम्प दोन्ही सोडवावे लागतात, म्हणजे अर्धे इंजिन उघडावे लागते; आणि पंख्याजवळचा पट्टा जरा जास्त ताणला तरी त्याच पंपाचे बेअरिंग लवकर जाते. अशा तपशिलांमुळे गाडी वर्षभर चालवण्याचा खर्च ठरतो. कॉर्टिनाच्या बाजूने भक्कम मुद्दा असा की तिची संख्या मोठी आहे, सुटे भाग आजही नव्याने घडवले जातात, आणि ती तयार करणारे अनुभवी कारागीर इंग्लंडमध्ये भरपूर आहेत. साठ वर्षांचे साचलेले ज्ञान हा घटक अश्वशक्तीइतकाच मोलाचा आहे, तरीही तो कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

अल्फा रोमिओ ज्युलिया स्प्रिंट जीटीए ही कॉर्टिनाची खरी प्रतिस्पर्धी. १९६५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात सादर झालेल्या या गाडीत पोलादी पत्र्याऐवजी अ‍ॅल्युमिनिअमच्या मिश्रधातूचे पत्रे रिव्हेट मारून बसवले होते, तिचे वजन अवघे ७४५ किलो होते, आणि १५७० घन सेंटिमीटरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग होते. रस्त्यावरच्या रूपात ११५ अश्वशक्ती असणारी ही गाडी कार्लो किटी यांच्या ऑटोडेल्टा या शर्यत विभागाकडून तयार होऊन आली की १७० पर्यंत पोहोचत असे. आंद्रेआ दे आदामिच यांनी तिच्यावर १९६६ आणि १९६७ ची युरोपीय अजिंक्यपदे मिळवली. ब्रेक, गिअरबॉक्स आणि वळणावरचा तोल या तिन्ही बाबतींत ती कॉर्टिनापेक्षा सरस मानता येईल. परंतु मूळ गाड्या थोड्या असल्याने किमती फार चढल्या आहेत, आणि एखाद्या मालकाला आपली गाडी दुसऱ्याच्या बंपरपासून चार हात दूर ठेवावीशी वाटत असेल तर तो शर्यत जिंकणार नाही. अ‍ॅल्युमिनिअमचा पत्रा आणि आतला पोलादी सांगाडा जेथे एकमेकांना भिडतात तेथे ओलावा शिरला की दोन धातूंमधील विद्युत-रासायनिक क्रियेने पत्रा आतून खाल्ला जातो. वरचा रंग शाबूत दिसतो आणि रिव्हेटच्या भोवती बारीक फुगवटे तेवढे जाणवतात. दरवाजाच्या कडा आणि चाकावरच्या कमानी बोटांनी चाचपून पाहिल्याशिवाय अशा गाडीचा व्यवहार करू नये. याच वर्गाच्या वर बीएमडब्ल्यूची १८०० टीआय-एसए आहे. १९६५ मध्ये २०० च्या आसपासच बनलेली, १३० अश्वशक्तीची ही भक्कम गाडी लांब सरळ रस्त्यांच्या सर्किटवर प्रभावी ठरते.

मिनी कूपर एसची बाब निराळी. १९६४ मध्ये आलेल्या १२७५ घन सेंटिमीटरच्या मॉडेलला १० इंची चाके, पुढच्या चाकांना गती आणि इंजिनाच्या पोटातच, त्याच तेलात फिरणारा गिअरबॉक्स आहे. गिअरच्या दात्यांचा झिजलेला चुरा इंजिनाच्या तेलात मिसळत असल्याने तेल वारंवार बदलावे लागते, आणि वळवणे, ओढणे व बहुतांश ब्रेकिंग ही तिन्ही कामे पुढच्या दोन लहान टायरांवर पडत असल्याने लांब शर्यतीत ते टायर तापून पकड सोडतात. तरीही ओल्या सर्किटवर, किंवा ब्रँड्स हॅचच्या लहान वळसाकार मार्गावर, चांगल्या हातातील मिनी दुप्पट शक्तीच्या गाड्यांना हैराण करते, आणि खर्च व सुटे भाग यांचा विचार केला तर नवशिक्या स्पर्धकासाठी तिच्याइतकी समंजस निवड दुसरी नाही.

मोठ्या गाड्यांकडे वळले की सर्किटचा आकार निर्णायक होतो. १९६० ते १९६३ या काळात फ्रान्सच्या ‘तूर द फ्रान्स’ मोटार शर्यतीत टूरिंग विभाग सलग जिंकणारी ३.८ लिटरची जॅग्वार मार्क २ मे १९६३ मध्ये सिल्व्हरस्टोनला सात लिटरच्या फोर्ड गॅलेक्सीसमोर एका दिवसात जुनी झाली. जॅक सिअर्स यांनी अमेरिकेतून आलेली ती अवाढव्य गाडी पहिल्याच प्रयत्नात विजयी करून दाखवली. आज मोठ्या वर्गात ४.७ लिटरच्या फोर्ड मस्टँग आणि फाल्कन यांचे वर्चस्व आहे. स्पा येथे ७ किलोमीटरच्या फेरीत ओ रूज या वळणानंतर चढावर लांबच लांब सरळ रस्ता आहे आणि तेथे व्ही-८ इंजिनाला तोड नाही. मात्र जड गाडीचे ब्रेक आणि टायर लवकर थकतात. अपेंडिक्स केनुसार या काळातील गाड्यांना जुन्याच धाटणीचे डनलॉप टायर वापरावे लागत असल्यामुळे रुंद आधुनिक टायरांनी ही उणीव झाकता येत नाही, म्हणून व्ही-८ चा चालक पहिल्या दहा मिनिटांत किती संयम राखतो त्यावर शेवटच्या दहा मिनिटांतील त्याचे स्थान अवलंबून असते.

सत्तरीच्या दशकातील गाड्या, म्हणजे फोर्ड एस्कॉर्ट आरएस १६००, कॅप्री, बीएमडब्ल्यू ३.० सीएसएल, अधिक वेगवान आणि अधिक खर्चिक आहेत. अँडी राऊज यांनी १९७५ चे ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलेली ट्रायम्फ डोलोमाइट स्प्रिंट ही त्या काळातील कमी लेखली गेलेली, पण चांगली गाडी. १९८२ नंतरच्या ‘ग्रुप ए’ गाड्यांत टर्बो आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आल्यामुळे प्रश्नाचे स्वरूपच पालटते. धातूचा भाग लेथवर नव्याने घडवता येतो, पण तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा नियंत्रण-संच बंद पडल्यास तसाच दुसरा शोधावा लागतो. फोर्ड सिएरा आरएस ५०० चे आकर्षण मोठे असले तरी बीएमडब्ल्यूची पहिली एम-३, टर्बो नसलेली आणि मोठ्या संख्येने बनलेली, तुलनेने सुखाची सोबत देते.

खरेदीदारांचा सर्वाधिक गोंधळ होतो तो ‘हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट’बाबत. त्या-त्या देशाच्या मोटर क्रीडासंस्थेकडून मिळणारा हा दस्तऐवज गाडी आपल्या कालखंडातील यांत्रिक तपशिलांशी जुळते एवढेच प्रमाणित करतो. हीच गाडी १९६४ मध्ये अमुक चालकाने चालवली होती असे तो सांगत नाही. साध्या दोन-दारी कॉर्टिनाच्या बॉडीशेलवर योग्य भाग चढवून उभी केलेली गाडीही तपशील अचूक असतील तर असा पासपोर्ट मिळवू शकते, आणि शर्यतीपुरते पाहिले तर त्यात काहीही गैर नाही. इतिहास असलेल्या गाडीची किंमत त्या इतिहासासाठी द्यावी लागते, वेगासाठी नव्हे. ज्याला धावायचे आहे त्याने अशी नव्याने बांधलेली गाडी घेऊन उरलेला पैसा टायर, इंजिन आणि सरावासाठी राखून ठेवावा. ज्याला इतिहास हवा आहे त्याने त्याचे वेगळे पुरावे मागावेत. पासपोर्टला मुदत असते हेही ध्यानात ठेवावे, कारण मुदत संपत आलेल्या कागदांची गाडी घेतल्यावर नूतनीकरणाच्या वेळी पूर्वीच्या मालकाने केलेले बदल उघडे पडतात आणि त्यांचा भुर्दंड नव्या मालकावर येतो.

प्रत्यक्ष गाडी पाहताना इंजिनाच्या चकाकीकडे पाहण्याआधी बॉडीशेल पाहावे. इंजिन काढून दुरुस्त करता येते, पण वाकलेले शेल पुन्हा सरळ करणे फार अवघड आणि महागडे काम असते. कॉर्टिनात पुढच्या स्ट्रटचा वरचा टोक-भाग जेथे आतल्या पत्र्याला धरतो तेथे गंज आणि चिरा येतात, कारण पुढच्या चाकाचा सगळा मार त्या ताटलीएवढ्या जागेवर बसतो. मिनीत दाराखालच्या पट्ट्या आणि मागच्या सबफ्रेमच्या जोडजागा आधी कुजतात. रोल केजच्या पायांखालचा पत्रा जाड आणि नीट वेल्ड केलेला आहे का, आसन आणि पट्ट्यांवरची तारीख शर्यतीच्या नियमांत बसते का, पेट्रोलच्या टाकीत सुरक्षेचा फोम आहे का, हे सारे एकेक करून तपासावे. नंतर गाडी चार वजनकाट्यांवर उभी करून प्रत्येक चाकावरचा भार मोजावा आणि एकूण आकडा होमोलोगेशनच्या किमान वजनाशी ताडून पाहावा. आकडा तीस-चाळीस किलोंनी जास्त आला तर ते वजन कुठे आहे आणि कागदांच्या चौकटीत राहून ते कमी करता येईल का, याचे उत्तर विक्रेत्याकडून किमतीची बोलणी सुरू करण्यापूर्वीच मिळवावे.